बोरकर साहेबांचे घरगुती ब्रेक

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, "वानखेडे, तुमच्या गॅरेजमधले गोड अनुभव लिहून द्या." गोड अनुभव हलवायाला विचारावेत. मी भिलाईत जुनवानीच्या रस्त्यावर उभी हयात गाड्यांचे ब्रेक दुरुस्त केले, आणि ब्रेकवाल्याकडे कोणी आनंदाने येत नाही. मुलीचं लग्न ठरलं म्हणून कोणी ब्रेक बदलून घेतल्याचं मला आठवत नाही. चाकातून करकर आवाज यायला लागतो, किंवा गाडी पुढच्या स्कूटरला जाऊन टेकते, तेव्हा लोकांना मी आठवतो. आल्यावर प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच असतं, "कल तक तो एकदम ठीक था." तो काल मी आजवर पाहिलेला नाही.

आता गॅरेज दुसऱ्याला चालवायला दिलं आहे आणि मी दुर्गला मोहन नगरात घरी बसून असतो. गिऱ्हाईक नाराज होईल ही धास्ती संपली. तेव्हा स्पष्टच लिहितो. बाईंना छापायचं असेल तर छापावं.

भिलाईच्या माणसाला एक जुनाट रोग आहे. ज्याने प्लांटमध्ये, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात, नोकरी केली, तो प्रत्येक जण स्वतःला जन्मजात मेकॅनिक समजतो. टाइम ऑफिसात बसून हजेऱ्या लावलेला माणूससुद्धा निवृत्त झाला की माझ्या गॅरेजच्या दारात उभा राहून माझ्या पोरांना पाना कसा धरावा ते शिकवतो. "हम लोग ब्लास्ट फर्नेस वाले हैं," असं एकाने मला छाती काढून सांगितलं होतं. मी म्हणालो, साहेब, फर्नेस जागची हलत नाही, त्यामुळे ती थांबवायची पाळी तुमच्यावर कधी आली नसेल. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. माझं काही अडलं नाही.

त्यात मोबाइल आला. मोबाइलमध्ये एक गोरा माणूस असतो. त्याचं गॅरेज आपल्या देवघरापेक्षा स्वच्छ असतं. तो बोल्टला पाना लावतो आणि बोल्ट लोण्यातून सुरी निघावी तसा सुटतो. आमच्याकडच्या गाड्या प्लांटची धूळ खातात आणि पावसाळा पितात. त्यांचे बोल्ट असे जाम झालेले असतात की पान्यावर दोघांनी उभं राहावं लागतं. पण गोऱ्याने सोडवला म्हणजे आपल्यालाही सुटेल, या भरवशावर लोक रविवारी सकाळी गाडी जॅकवर चढवतात आणि सोमवारी मला फोन करतात. एका प्राध्यापकांनी घरी पॅड बदलले, तेही उलटे. घासायची बाजू बाहेर आणि लोखंडी पाठ आत. लोखंडावर लोखंड घासून जो आवाज यायचा तो ऐकू येऊ नये म्हणून ते गाडीत मोठ्याने गाणी लावायचे. माझ्याकडे आले ते गाण्याचा डबा बिघडला म्हणून! मी त्यांना दोन हात जोडले आणि चाक खोललं.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चाकाच्या आत लोखंडाची एक जाड थाळी असते, तिला डिस्क म्हणतात. जास्त शिकलेले रोटर म्हणतात. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड असतात आणि ते एका सांडशीत बसवलेले असतात. तुम्ही पाय दाबला की सांडशी आवळते आणि पॅड थाळीला धरतात. एवढंच आहे. धरायचं ते कोरडं असलं पाहिजे, ही पहिली अट आणि शेवटचीही. मागच्या चाकांचे ब्रेक चालत्या गाडीत फारसं काम करत नाहीत, मोठा भार पुढचेच उचलतात. मागच्यांचं खरं काम गाडी उभी असताना असतं, कारण हँडब्रेक त्यांच्यावर चालतो. म्हणून मागचे ब्रेक बिघडले तरी गाडी चालवताना कळत नाही. माणूस गावभर फिरून येतो आणि म्हणतो, सगळं मस्त आहे.

बोरकर साहेब असंच म्हणत होते.

बोरकर साहेब प्लांटमधल्या, रोलखाली पोलादाची पट्टी लाटणाऱ्या एका मिलमधून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मूळचे अमरावतीकडचे. सगळी नोकरी सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये काढली आणि शेवटी जुनवानीत घर बांधलं. जुनवानीत दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो, म्हणून शहाणी माणसं घराची जोती आधीच छातीएवढी उंच घेतात. मग गाडी वर न्यायला फाटकापासून उतार करावा लागतो. साहेबांचा उतार इतका खडा होता की पावसाळ्यात त्यावरून चालताना मी भिंत धरायचो. वर पोर्च होता, सपाट आणि ऐसपैस, पण तिथे गाडीला जागा नव्हती. तिथे साहेबांचं वर्कशॉप होतं. टेबल, त्याला वस्तू आवळून धरायचा शिकंजा, भिंतीवर आकारवार टांगलेले पाने. त्यामुळे गाडी कायम उतारावर, तोंड घराकडे आणि पाठ फाटकाकडे.

सप्टेंबर निम्मा होत आला तेव्हा साहेब माझ्याकडे आले. गाडी आणली नव्हती, मोबाइल आणला होता.

"वानखेडे, मागच्या डिस्क अन् पॅड नवे घालून राहिलो. पिस्टनचा तो फिरवायचा टूल असन नं तुझ्यापाशी? दोन दिवस दे."

"गाडीच आणा नं साहेब. दुपारपर्यंत करून देतो."

"कावून? तुझ्या पोरायनं गन लावून बोल्टची चुडी खराब करावी म्हणून? मी पुरी मिल चालवली, बावा. मले चार बोल्ट खोलता येत नाही का?"

पोरं ऐकत होती. मी टूल दिलं. एक मात्र मानलं पाहिजे. मागच्या सांडशीतला पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत घालावा लागतो, हे साहेबांना ठाऊक होतं. निम्मे घरगुती मेकॅनिक तो शिकंज्यात दाबून मोडतात.

टूल परत आलं ते प्लास्टिकच्या पिशवीत, घासूनपुसून. "गंजून राहिलं होतं तुझं टूल. साफ करून आणलं," साहेब म्हणाले. पोरांच्या देखत. मग त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. गाडी स्टँडवर, पुढच्या चाकांना ओंडके, हातात मोजे, बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क रेंच. काम सुबक होतं. मी बारकाईने पाहिलं, कारण मला चूक काढायचीच होती, आणि मला ती सापडली नाही. त्याचा मला किती राग आला ते सांगत नाही.

"कशे लागून राहिले ब्रेक?" मी विचारलं.

"एकदम टाइट. सिव्हिक सेंटरला जाऊन आलो. तू आपलं दुकान बंद कर आता."

त्यानंतर काही दिवसांनी बोरकर वहिनी आल्या. एकट्या, ऑटोने, हातात भाजीची पिशवी. त्या कधी गॅरेजमध्ये पाऊल टाकायच्या नाहीत. मी स्टूल पुसून दिलं, पण त्या उभ्याच राहिल्या.

"भाऊ, एक गोष्ट विचारू का? ह्यायले सांगू नका बरं."

"विचारा नं वहिनी."

"उभी गाडी आपोआप खाली येते का हो?"

"म्हणजे कशी?"

"रात्री ठेवतात तवा मागचं चाक जास्वंदाच्या कुंडीपाशी राहते. सकाळी पाहाव तं कुंडीच्या खालतं आलेलं. एखाद्या दिवशी वीतभर, एखाद्या दिवशी हातभर. मी ह्यायले म्हटलं, तं म्हणे तुले भास होऊन राहिले."

"गिअरमध्ये टाकून नाही ठेवत का साहेब?"

"नाही नं. क्वार्टरमध्ये होतो तवा एकदा गिअरमध्येच चालू केली, तं तुळशीवर जाऊन चढली. तवापासून न्यूट्रलच ठेवतात."

"मग चाकामागं काही लावून ठेवा. वीट लावा."

"लावली होती." वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तं ती उचलून गच्चीवर नेऊन ठेवली अन् गच्चीले कुलूप लावलं. म्हणे, लोकं पाहतीन तं काय म्हणतीन? बोरकरनं काम केलं अन् बायकोनं वीट लावली?"

मला हसू आलं. नवरा-बायकोचं भांडण विटेवर आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग वहिनी म्हणाल्या, "अन् मी रोज सकाळी फाटकापाशी रांगोळी काढत बसते. गाडी पाठीमागं. जीव सारा पाठीत येऊन बसते, भाऊ."

हसू गेलं. उतार माझ्या डोळ्यांपुढे होता. फाटकाच्या आत तेवढीच एक हात-दोन हात सपाट जागा, आणि तिच्यावर ती दीड टनाची गाडी टांगलेली. गाडी हातभर घसरून थांबते ती नशिबाने. एखाद्या सकाळी थांबणार नाही.

मी एकेक विचारत गेलो. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा हात देऊन पाठवतात. तो धुऊन काढावा लागतो. धुतला होता का? वहिनी म्हणाल्या, हो, फवाऱ्याच्या डब्याने दोनदा धुतला. ह्यांनी पांढरा पंचा फिरवून मला दाखवला, म्हणे, बघ, एक डाग नाही.

"मग लगेच बसवल्या का?"

"नाही, तवा पूजा होती नं. पूजेत ठेवल्या."

बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. भिलाईत विश्वकर्मा पूजा म्हणजे दसरा-दिवाळीच्या तोडीचा दिवस. प्लांटमधल्या प्रत्येक खात्यात पूजा, मशिनींना हार, नारळ, बुंदीचा प्रसाद. निवृत्त माणसाला त्या दिवशी घरी चैन पडत नाही, म्हणून तो घरातली हत्यारं पाटावर मांडतो. मीही करतो. माझ्या कॉम्प्रेसरवर स्वस्तिक आहे आणि जॅकला हार असतो. त्यात काही वावगं नाही.

"अन् डिस्कवर काय वाहिलं, वहिनी?"

"शेंदूर. मीच कालवून देला, तिळाच्या तेलात. ह्यायनं मस्त स्वस्तिक काढले, दोन्ही चकत्यायवर. दोन्ही अंगानं."

"अन् बसवायच्या आधी पुसलं नाही?"

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही अभद्र बोललो. "पूजेचं कोणी पुसते का, भाऊ?"

मी कपाळाला हात लावला. व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून या माणसाने कारखान्याचं तेल दोनदा धुऊन काढलं, आणि व्हिडिओत सांगितलं नव्हतं म्हणून घरचं तेल चारही अंगांना लावून ठेवलं! गोऱ्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की इकडे डिस्कची पूजा होते. पॅड म्हणजे एक प्रकारचा टिपकागद समजा. तेल लागलं की शोषून घेतात, आणि मग त्यांना जाळा, घासा, उन्हात ठेवा, ते पुन्हा पूर्वीसारखे धरत नाहीत. फेकून द्यावे लागतात. पुढचे ब्रेक ठणठणीत होते म्हणून साहेबांची गाडी रस्त्यावर थांबत होती. घरी येऊन हँडब्रेक ओढला की मागचे तेलकट पॅड कसंबसं धरायचे. गाडी फिरून आलेली, डिस्क तापून फुगलेली. रात्री ती थंड होऊन आकसली की पकड आणखी सैल पडायची. म्हणून साहेब समोर असेपर्यंत गाडी गुमान उभी राहायची आणि सगळे झोपले की खाली सरकायची.

"तुमी या नं एकदा," वहिनी म्हणाल्या. "असेच आल्यासारखे. मी बोलावलं म्हणू नका."

त्या वेळी गॅरेजमध्ये दोन गाड्या खोललेल्या होत्या. शिवाय गंजलेल्या टूलचा शब्द मला अजून टोचत होता आणि त्याच दिवशी साहेबांच्या दारी पळत जायची माझी इच्छा नव्हती. मी म्हणालो, "उद्या सकाळी येतो. तोवर रांगोळी काढू नका, वहिनी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि ऑटोत बसून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहन नगरातून निघालो तो वाटभर वाक्यं जुळवत गेलो. इतकी वर्षं मी या प्लांटवाल्यांची अक्कल ऐकून घेतली होती. आज एकाला त्याच्याच उतारावर उभा करून चार शब्द सुनवायचे होते, आणि खोटं कशाला बोलू, मी खुशीत होतो. फाटक उघडून तरातरा वर गेलो. साहेब बनियनवर पोर्चमध्ये पाने पुसत बसले होते.

"काय वानखेडे, सकाळी सकाळी?"

"इकडून जात होतो. म्हटलं साहेबाचे ब्रेक पाहू. एक चाक खोलू का?"

"कावून?"

"आता पूजा झाली नं सगळ्यायच्या घरी. कोणी कोणी डिस्कले शेंदूर लावते. तेल पॅडमध्ये गेलं तं हँडब्रेक धरत नाही."

साहेबांनी पाना खाली ठेवला. "स्वस्तिक लावलं तं काय बिघडलं? पुऱ्या प्लांटमध्ये लावतात."

"मशीनच्या अंगाले लावतात, साहेब. रोलवर लावला का कधी? पट्टी सटकली असती."

मिलच्या माणसाला एवढं पुरे होतं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की कळलं आहे. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं, त्यातून समोर वानखेडे. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांना पाहून साहेबांचा आवाज चढला.

"दोन थेंब तेल होतं. दोन चकरांत जळून जाते. मी रोज चालवून राहिलो, ब्रेक लागून राहिले. हे पाह्य." ते उतरून गाडीत बसले, हँडब्रेक करकरत शेवटपर्यंत ओढला, न्यूट्रल करून दाखवलं आणि पायाचा ब्रेक सोडला. गाडी हलली नाही. "हलली का? सांग, हलली का? का आता गिऱ्हाईक भेटून नाही राहिले म्हणून घरोघर फिरतोस?"

वाटेत जुळवलेल्या वाक्यांतलं सगळ्यात चांगलं वाक्य मी याच क्षणासाठी राखून ठेवलं होतं. मी ट्रेमधला कप उचलला आणि पोर्चच्या कठड्यावर टेकलो.

"नाही हलली, साहेब. तुमचंच खरं. आता एक काम करा. हँडब्रेक ओढलेलाच राहू द्या, अन् वहिनी रांगोळी काढतात तिथं जाऊन बसा. पाठ गाडीकडं करून. माझा चहा होईपर्यंत. मग मी तुमची माफी मागून जातो."

"बसतो नं. त्यात काय?"

साहेब उतारावरून खाली गेले. सपाता फटफट वाजल्या. फाटकाच्या आत, गाडीच्या मागे, ते तोंड रस्त्याकडे करून उभे राहिले. पायजमा दोन्ही हातांनी गुडघ्यापाशी उचलला आणि खाली वाकले. अर्धे वाकून थांबले. मान वळवून मागे पाहिलं. तिथून, बसल्या उंचीवरून, ती गाडी कशी दिसत असेल ते मला वरूनही समजत होतं. बंपर नेमका डोक्याच्या रेषेत येत होता.

ते तसेच वाकलेले राहिले. मग हळूहळू सरळ झाले आणि दोन पावलं बाजूला सरून भिंतीपाशी गेले.

"गुडघे दुखून राहिले," ते म्हणाले.

गाडी तसूभरही हलली नव्हती. हलायची गरजच नव्हती. मला इतका आनंद झाला की चहाचा घोट गरम लागलेलाही कळला नाही. आयुष्यभराचं उट्टं निघत होतं. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, तोंड उघडलं होतं.

"माझेबी दुखतात," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नव्हता, ट्रे धरून उभ्या होत्या. आधी खाली साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज सकाळीबी बसलीच होती मी तिथं. नाही काढली तं हे विचारतीन, कावून नाही काढली."

मी खाली पाहिलं. फाटकाच्या आत, साहेब उभे होते त्याच्या शेजारी, ठिपक्यांची रांगोळी होती, हळदकुंकवाची बोटंही ताजी. वाक्यं जुळवण्याच्या नादात मघाशी मी ती ओलांडून वर आलो होतो.